शेगडी कोणी अडवली?

मागच्या रविवारी भाच्याने व्हॉट्सॲपवर वहीच्या पानाचा फोटो पाठवला. मधोमध पट्टीने मारलेली रेघ, डावीकडे ‘यूजर लेव्हल थ्रेड’, उजवीकडे ‘कर्नल लेव्हल थ्रेड’, खाली सात फरक. हलके-जड, जलद-संथ वगैरे. (थ्रेड म्हणजे एका चालू प्रोग्रामच्या, प्रोसेसच्या, आत एकेक काम करणारा धागा.) कोपऱ्यात पेन्सिलीने ‘८ मार्क, नक्की’. आणि खाली प्रश्न : "मावशी, इंटरव्ह्यूत विचारलं की तू कुठले वापरशील, तर काय सांगू?"

हा तक्ता मीसुद्धा पाठ केला होता, मुंबई युनिव्हर्सिटीच्या परीक्षेला. मार्कही पडले होते. तक्त्यात चूक काही नाही. फक्त पहिल्या दोन ओळी वाचून मुलं ‘हलकं आणि जलद म्हणजे चांगलं’ असं ठरवून मोकळी होतात, आणि खरी कामाची ओळ सहाव्या नंबरवर असते : यूजर लेव्हलचा एक थ्रेड अडकला तर सगळी प्रोसेस अडकते. वेळ संपत आला की पेपरात नेमकी तीच सुटते. माझ्या नोकरीत मात्र त्याच ओळीने दोनदा रात्रीची झोप घालवली. त्याला फोनवर सांगायला घेतलं तर नेटवर्क गेलं (घाटकोपर मेट्रोचा जिना, आणखी काय), म्हणून इथे लिहून काढतेय.

तांत्रिक बाजू आधी थोडक्यात. कर्नल लेव्हल थ्रेड म्हणजे ज्याची कर्नलकडे, ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, नोंद आहे. लिनक्सवर ‘टॉप’ या कमांडला एच फ्लॅग लावला की एकेक दिसतो. सीपीयूच्या कोणत्या कोअरवर कोण चालणार, कोणाला उठवायचं, कोणाला बसवायचं, हे कर्नल ठरवतो. यूजर लेव्हल थ्रेडची कर्नलला खबरच नसते. तुमची लायब्ररी किंवा भाषेचा रनटाइम (प्रोग्राम चालवणारी तिची यंत्रणा) आपल्या पातळीवर त्यांची पाळी लावतो आणि सगळ्यांना मिळून मोजके कर्नल थ्रेड वापरतो. कर्नलमध्ये न जाता पाळी बदलता येते म्हणून ते स्वस्त. गो भाषेतला यूजर लेव्हल थ्रेड, म्हणजे गोरूटीन, २ केबीच्या स्टॅकवर (थ्रेडच्या खासगी मेमरीवर) सुरू होतो. जावाचा साधा, म्हणजे कर्नल थ्रेड ६४ बिट लिनक्सवर स्टॅकसाठी १ एमबी राखून ठेवतो. राखून ठेवतो म्हणजे वापरतो असं नाही, हे लक्षात ठेव; यावरून आमच्याकडे अख्खी दुपार वाया गेली होती, ते पुढे येतंच.

आता गोष्ट. आमचं ऑफिस मरोळला. सहकारी बँका आणि पतपेढ्यांच्या मोबाइल ॲपमागे जी कामं चालतात त्यातली काही आम्ही सांभाळतो : बॅलन्स दाखवणं, मेसेज पाठवणं, महिन्याचं स्टेटमेंट पीडीएफ करून देणं. एक विनंती आली की आमची सर्व्हिस पुढच्या तीन सिस्टिमना विचारते, उत्तरं गोळा करते, परत पाठवते. म्हणजे काम जवळजवळ काहीच नाही, नुसती वाट बघायची.

२०२२ची दिवाळी. बोनस खात्यात जमा होण्याचा दिवस, आणि प्रत्येक जण दर पाच मिनिटांनी बॅलन्स बघतोय. सेकंदाला साधारण १०० विनंत्या. एरवी पुढची सिस्टिम ८० मिलिसेकंदांत उत्तर द्यायची. १०० गुणिले ०.०८, म्हणजे एका वेळी ८ विनंत्या उत्तराची वाट बघत अधांतरी. आमच्या पूलमध्ये (तयार ठेवलेल्या थ्रेडच्या गटात) ४०० थ्रेड होते, त्यामुळे आम्ही निवांत. त्या दिवशी पुढची सिस्टिम दमली आणि उत्तराला ६ सेकंद घ्यायला लागली. १०० गुणिले ६. सहाशे. चारशे थ्रेड हात बांधून उभे आणि बाकीचे रांगेत. हा गुणाकार लिटलचा नियम म्हणून ओळखला जातो. पूल किती मोठा ठेवायचा हे ठरवताना मला याच्याइतकं उपयोगी दुसरं काही सापडलेलं नाही.

टीममधल्या मुलाने पूल २००० केला. दहा मिनिटांत सर्व्हिस आडवी. लॉगमध्ये ‘आउट ऑफ मेमरी’, आणि पुढे ‘अनेबल टू क्रिएट नेटिव्ह थ्रेड’. मेमरी शब्द दिसला म्हणून त्याने मेमरी दुप्पट केली. पुन्हा आडवी. मग कोणीतरी फळ्यावर गणित मांडलं की २००० थ्रेड गुणिले १ एमबी म्हणजे २ जीबी, म्हणून चौपट करा. मेमरीला काहीच झालेलं नव्हतं. थ्रेड स्टॅकच्या ज्या पानांना (मेमरीच्या तुकड्यांना) खरंच हात लावतो तेवढीच मेमरी जाते. सर्व्हिस ज्या कंटेनरमध्ये (आखून दिलेल्या बंदिस्त जागेत) चालायची त्यावर एकूण थ्रेड आणि प्रोसेस मिळून १०२४ची मर्यादा होती, ती कोणी बघितली नव्हती. कर्नलने सरळ सांगितलं, आता नवीन थ्रेड देणार नाही. जावाने ती तक्रार मेमरीच्या नावाखाली छापली.

कर्नल थ्रेडची खरी किंमत अशी समोर येते. तक्त्यात ‘जड’ लिहिलेलं असतं ते वजन शंभर-दोनशे थ्रेडपर्यंत जाणवतसुद्धा नाही. लिनक्सवर उलरिक ड्रेपर आणि इंगो मोल्नार यांनी एनपीटीएल ही थ्रेड लायब्ररी लिहिली, तेव्हा एक लाख थ्रेड सुरू करायला आधीची पंधरा मिनिटं लागायची ती दोन सेकंदांवर आली. ही २००३च्या आसपासची गोष्ट. म्हणून ‘कर्नल थ्रेड संथ’ असं कोणी म्हणालं की मी विचारते, किती थ्रेड? आकडा दोनशे असेल तर विषय तिथेच संपतो. साधे थ्रेड वापरा, घरी जा.

आमचा आकडा हजारांत जाणार होता, म्हणून आमचा विषय संपला नाही.

आता गणपतीकडे येते. जावा २१ आलं १९ सप्टेंबर २०२३ला. नेमका त्याच दिवशी गणेश चतुर्थीचा मुहूर्त. व्हर्च्युअल थ्रेड, म्हणजे रनटाइमने सांभाळलेले यूजर लेव्हल थ्रेड, त्या आवृत्तीत पक्के झाले. मी दोन वर्षं वाट बघत होते आणि त्या दिवशी भांडुपला सासूबाईंच्या स्वयंपाकघरात उकड मळायला उभी होते.

स्वयंपाकघर लहान, शेगडी दोन बर्नरची, आणि आम्ही बायका सहा. धाकट्या जावेने एका बर्नरवर कढई चढवली, मालवणी वडे तळायला. दुसऱ्यावर नणंदेने मोदकपात्र ठेवलं, मोदक झाले की लगेच लावता येतील म्हणून. वड्यांचं पीठ मळायला गरम पाणी हवं. मोदकांच्या उकडीला तर उकळतं पाणी हवंच हवं. पाणी तापवायला बर्नर नाही. कढई पिठाची वाट बघतेय, मोदकपात्र मोदकांची, आणि पीठ-मोदक करणाऱ्या आम्ही दोघी रिकामं पातेलं हातात धरून बर्नर मोकळा होण्याची वाट बघतोय. कोणीच काही बोलत नाही, कारण प्रत्येकीला वाटतंय की दुसरीचं काहीतरी चाललंय. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही गॅस पेटलेले, घर कामात. सासूबाई आल्या, बघितलं, आणि एकच प्रश्न : "शेगडी कोणी अडवली?" त्यांनी स्वतःच्या हाताने कढई उतरवली आणि पाणी ठेवलं.

तेव्हा मी हसले होते. पुढच्या वर्षी हेच आमच्या सर्व्हरवर झालं आणि हसू आलं नाही.

आम्ही २०२४मध्ये सर्व्हिस जावा २१वर नेली. बदल करायला किती सोपा म्हणून सांगू! चारशे थ्रेडचा पूल काढायचा, त्या जागी प्रत्येक कामाला नवा व्हर्च्युअल थ्रेड देणारा एक्झिक्युटर टाकायचा. एक ओळ. टेस्टिंगमध्ये दहा हजार विनंत्या एकदम सोडल्या, पुढची सिस्टिम मुद्दाम ६ सेकंद झोपवली, आणि आमची सर्व्हिस ढिम्म हलली नाही. कारण इथे वाट बघणारा व्हर्च्युअल थ्रेड खालच्या कर्नल थ्रेडवरून उतरतो. त्या खालच्याला कॅरियर म्हणतात, आणि कॅरियर सहसा जितके कोअर तितकेच, आमच्याकडे चार. उतरलेल्याची जागा दुसरा घेतो. चार बर्नर, दहा हजार भांडी, आणि सगळ्यांची शिस्त अशी की वाट बघायची तर खाली उतरून. मी टीमला समोसे दिले.

प्रॉडक्शनमध्ये तिसऱ्या दिवशी रात्री साडेअकराला सर्व्हिस लटकली. पडली नाही, लटकली. सीपीयू जवळजवळ शून्य. मेमरी छान. लॉगमध्ये एरर नाही. आरोग्य तपासणीच्या साध्या विनंतीलाही उत्तर नाही. नेहमीप्रमाणे जावाच्या जेस्टॅक या हत्याराने थ्रेड डंप (कोणता थ्रेड कुठे थांबलाय त्याची यादी) काढला, तर त्यात आमच्या कोडचा मागमूस नाही, कारण जेस्टॅक व्हर्च्युअल थ्रेड दाखवत नाही. जेसीएमडी या दुसऱ्या हत्याराने वेगळा डंप फाइलमध्ये काढावा लागतो, हे मला रात्री एक वाजता कळलं. जी हत्यारं वीस वर्षांत हाताला बसलेली असतात ती कर्नल थ्रेडसाठी बनलेली असतात. निवड करताना हा खर्च कोणी धरत नाही.

डंप वाचला आणि पातेलं हातात धरून उभी असलेली मी मलाच दिसले. डेटाबेसची कनेक्शनं वाटणारी आमची जुनी लायब्ररी ‘सिंक्रोनाइज्ड’ ब्लॉकच्या (एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या, कुलूप असलेल्या कोडच्या) आत शिरून कनेक्शन मोकळं होण्याची वाट बघायची. जावा २१मध्ये सिंक्रोनाइज्डच्या आत असलेला व्हर्च्युअल थ्रेड कॅरियरवरून उतरू शकत नाही. त्याला ‘पिन’ झाला म्हणतात. चार थ्रेड असे आत शिरून वाट बघत बसले. चारही कॅरियर अडले. ज्यांच्याकडे कनेक्शनं होती त्यांची कामं झाली होती, फक्त कनेक्शन परत करायला त्यांना क्षणभर कॅरियर हवा होता. तो मिळेना. नेटफ्लिक्सच्या इंजिनिअरांनीही २०२४मध्ये असाच प्रकार लिहिला होता, चार कोअर, चार अडकलेले कॅरियर. तो वाचून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

भाच्या, इथे नीट बघ. कर्नल थ्रेड असते तर? चार अडले असते, बाकीचे चालत राहिले असते. कर्नलला प्रत्येक थ्रेड माहीत असतो. कोण झोपलाय, कोण तयार आहे, सगळं त्याच्या वहीत. सासूबाईंनी कढई उतरवली तसा तो अडलेल्याला स्वतःच उतरवतो, विचारत बसत नाही. यूजर लेव्हलला मात्र सगळी भिस्त एकाच गोष्टीवर असते : थ्रेड वाट बघायला लागला हे पाळी लावणाऱ्याला कळतं का? कळलं तर लाखभर थ्रेड लीलया चालतात. कळलं नाही तर एकेक बर्नर जातो.

तुला पायथॉन येतं, म्हणून त्यातलं उदाहरण देते. असिंक फंक्शनमध्ये साधा ‘टाइम डॉट स्लीप’ लिहून बघ. इव्हेंट लूप, म्हणजे तिथला पाळी लावणारा, अख्खा थांबेल, कारण तुझ्या झोपेची त्याला वर्दी मिळालेली नाही. ‘असिंकआयओ’चा स्लीप वापरलास तर बाकीची कामं चालू राहतील. झोप तेवढीच, फरक वर्दीचा. तुझ्या तक्त्यातली सहावी ओळ ती हीच.

याच चष्म्यातून जुना इतिहास बघितला की तोही उलगडतो. माझी पहिली नोकरी सीप्झमध्ये, २००४ला. तिथे सन कंपनीच्या सोलारिस ८ या ऑपरेटिंग सिस्टिमची मशीन होती. सोलारिसचं थ्रेड मॉडेल तेव्हा दोन मजली असायचं : वर यूजर लेव्हल, खाली कर्नलचे थोडे. कागदावर दोन्हींचे फायदे. प्रत्यक्षात आमचा प्रोग्राम लोड वाढला की विचित्र रेंगाळायचा. आमच्या सीनियरने कोड उघडलासुद्धा नाही. सोलारिस ८मध्ये एकास-एक पद्धतीची (प्रत्येक थ्रेडमागे एक कर्नल थ्रेड) पर्यायी थ्रेड लायब्ररी वेगळ्या फोल्डरमध्ये दिलेली असायची, त्यांनी फक्त पाथ बदलून तिच्यावर प्रोग्राम चालवला, आणि तो सुधारला. सोलारिस ९पासून तीच पद्धत कायमची झाली. लिनक्सवर आयबीएमने एनजीपीटी हे दोन मजली थ्रेड पॅकेज आणलं होतं, ते एनपीटीएलपुढे मागे पडलं. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमनेही केएसई नावाचा असाच प्रयोग करून २००८च्या ७.० आवृत्तीत एकास-एकला पसंती दिली. जावाचे सुरुवातीचे ‘ग्रीन थ्रेड’ही यूजर लेव्हलचेच होते, तेही गेले.

मग ज्या कल्पनेला सगळीकडून हाकललं ती गो आणि जावात परत येऊन कशी टिकली? माझं मत असं. सोलारिस किंवा लिनक्सच्या लायब्ररीला कोणाचाही सी प्रोग्राम चालवायचा होता. तो कधी कुठला सिस्टिम कॉल (कर्नलकडे मागणी) करेल, कुठे अडकेल, हे लायब्ररीच्या हातात नव्हतं. दुसऱ्याच्या घरात स्वयंपाक करायचा आणि शिस्त आपली, हे कसं जमणार? गोचं तसं नाही. नेटवर्कचं वाचन-लेखन, लॉक, टायमर, सगळं त्याच्याच रनटाइममधून जातं, त्यामुळे कोण कुठे थांबलंय ते त्याला कळतं. जावाने तर व्हर्च्युअल थ्रेडसाठी सॉकेटपासून लॉकपर्यंत आपल्याच लायब्ररीचा मोठा भाग नव्याने लिहिला. घर स्वतःचं असेल तर यूजर लेव्हल चालतं. म्हणूनच सीमेवर अजून अडतं : गोमधून सी कोड बोलावला की एक कर्नल थ्रेड त्याच्यामागे जातो, आणि जावात नेटिव्ह कोडमधून गेलेला व्हर्च्युअल थ्रेड आजही पिन होतो.

आमच्या त्या रात्रीचा तात्पुरता उपाय काय, तर कनेक्शनची लायब्ररी बदलून सिंक्रोनाइज्डऐवजी रीएन्ट्रंट लॉक (जावाचंच दुसरं कुलूप, ज्यापाशी थांबलेला व्हर्च्युअल थ्रेड उतरू शकतो) वापरणारी नवी आवृत्ती घेतली. पहाटे चारला घरी, कॅबने. मार्च २०२५च्या जावा २४मध्ये सिंक्रोनाइज्डची ही अडचण मुळातून काढली. आम्ही अजून २१वरच आहोत, कारण बँकेच्या ऑडिटवाल्यांना आवृत्ती बदलायची म्हटली की कागद लागतात.

इतकं झाल्यावर आणखी एक खड्डा बाकीच होता. महिनाअखेरीस स्टेटमेंटची पीडीएफ. चाळीस-पन्नास पानांचं एक पीडीएफ करायला सीपीयू खराखुरा राबतो, वाट बघणं वगैरे काही नाही. आम्ही तेही उत्साहाने व्हर्च्युअल थ्रेडवर टाकलं होतं. चार पीडीएफ चार कॅरियरवर बसली आणि संपेपर्यंत उठली नाहीत. मागे बॅलन्सच्या चिमुकल्या विनंत्या ताटकळल्या. जावाचा व्हर्च्युअल थ्रेडची पाळी लावणारा शेड्यूलर चालू थ्रेडला मध्येच उठवत नाही. थ्रेड स्वतः थांबला तरच पाळी बदलते. कर्नल मात्र वेळ झाली की उठवतो, कोणाची भीड ठेवत नाही. गोमध्येही हे दुखणं होतं. आत फंक्शन कॉल नसलेला नुसता लूप बाकीच्यांना रोखून धरायचा. २०२०च्या १.१४ आवृत्तीत त्यांनी सिग्नल पाठवून मध्येच उठवायची सोय केली. आम्ही पीडीएफसाठी साध्या कर्नल थ्रेडचा वेगळा पूल केला, कोअर चार म्हणून थ्रेडही चार. एवढ्याशा बदलाने महिनाअखेर शांत गेली.

आणि जाता जाता ज्याचा मला सर्वात उशिरा पत्ता लागला ते. जुना चारशेचा पूल म्हणजे नुसते थ्रेड नव्हते, तो नकळत एक बांध होता. पुढच्या सिस्टिमवर चारशेपेक्षा जास्त विनंत्या एका वेळी जाऊच शकत नव्हत्या. पूल काढला, बांध फुटला. पुढच्या कंपनीचा फोन आला, "तुमच्याकडून एवढे कॉल एकदम का येताहेत? आमचा सर्व्हर बसला." चूक आमचीच होती. आता प्रत्येक बाहेरच्या सिस्टिमपुढे सेमाफोर (एका वेळी ठरावीक जणांनाच पुढे सोडणारा) आहे, आकडा त्यांना विचारून ठरवलेला. थ्रेडलोकलमध्ये (प्रत्येक थ्रेडच्या स्वतंत्र साठवणीत) जड बफर साठवून ठेवणाऱ्या एका लायब्ररीनेही असाच हिसका दिला; दोनशे थ्रेडना दोनशे बफर ठीक होते, वीस हजारांना वीस हजार नव्हते.

तर भाच्या, इंटरव्ह्यूत कोणी विचारलं तर उलट तीन प्रश्न विचार. काम वाट बघण्याचं आहे की राबण्याचं? राबण्याचं असेल तर कर्नल थ्रेड, कोअरइतके, आणि पुढे बोलू नकोस. वाट बघण्याचं असेल तर एका वेळी किती जण वाट बघणार? दोनशे असतील तरी कर्नल थ्रेडच. हजारो असतील तर तिसरा प्रश्न : ते जिथे जिथे अडकतील ते सगळं रनटाइमला दिसतं का, की मध्ये कुठे सी लायब्ररी, जुना ड्रायव्हर असं काही आहे? यावर समोरचा गप्प झाला तर नोकरी चांगली आहे असं समज, तिथे करायला काम असेल.

हे सगळं त्याला काल वाचून दाखवलं. त्याने शांतपणे ऐकलं, मग म्हणाला, "मावशी, पण सेमिस्टरच्या पेपरात हे लिहिलं तर आठ मिळतील?"

नाही मिळणार. पेपरात तक्ताच लिही म्हटलं, फक्त सहावी ओळ वर घे. यंदा गणपतीला सासूबाईंनी तिसरा बर्नर घेतलाय, तो फक्त पाण्यासाठी, त्यावर दुसरं काही ठेवायचं नाही.